न्यायाधीश आणि प्रपोझिशनच्या शिफारशी करताय? या चुका टाळा

निवडणूक जवळ आली की बे एरियातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास येतो : "बॅलट आलंय, वाचायला वेळ नाही, कोणीतरी फक्त हो-नाहीची यादी टाका ना." आणि कोणीतरी टाकतंच. गव्हर्नर किंवा सेनेटरबद्दल प्रत्येकाचं मत आधीच पक्कं असतं, तिथे यादी कोणालाच नको असते. ती लागते बॅलटच्या शेवटच्या पानांना, म्हणजे सुपिरिअर कोर्टाचे (काउंटीच्या, आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या, कोर्टाचे) न्यायाधीश, राज्याची प्रपोझिशन्स (मतदारांनी थेट हो-नाही करायचे प्रस्ताव), शहराची आणि शाळांची मेझर्स (तसेच स्थानिक प्रस्ताव) यांना. तिथे वाचणारा पूर्णपणे तुमच्या भरवशावर असतो, आणि नेमकी तिथेच शिफारस करणारी मंडळी सगळ्यांत कमी मेहनत घेतात.

मी सनीव्हेलमध्ये राहते, ओळखीच्यांसाठी दर निवडणुकीला टिपण काढते आणि इतरांची टिपणंही वाचते. त्याच त्या चुका बघून वैताग आलाय, म्हणून हे लिहितेय. सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे. टेक्सासमध्ये न्यायाधीश पक्षाच्या नावावर लढतात आणि न्यू जर्सीत ते निवडणुकीला उभेच राहत नाहीत, तेव्हा तिकडच्या मावसभावाला हे फॉरवर्ड करू नका.

न्यायाधीशाला नगरसेवक समजणं

ही माझी सर्वांत नावडती चूक. एका लायब्ररीच्या हॉलमध्ये उमेदवारांशी गप्पांचा कार्यक्रम होता. सुपिरिअर कोर्टाच्या एका जागेसाठी दोघं उभे होते, एक पुरुष आणि एक बाई. आपल्यातल्याच एका गृहस्थांच्या गाडीची काच नुकतीच फोडली गेली होती. ते उठले आणि म्हणाले, "गाड्या फोडणाऱ्यांना तुम्ही तुरुंगात टाकणार का? हो की नाही, एवढंच सांगा." पहिला उमेदवार म्हणाला, टाकणार, दयामाया दाखवणार नाही. टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, उद्या माझ्यासमोर येऊ शकेल अशा प्रकरणाचा निकाल मी आज सांगणार नाही, पुरावा बघेन आणि कायदा बघेन. हॉल गार. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर शिफारस आली : "बाई गोलगोल बोलतात, सरळ उत्तर देत नाहीत. पहिल्यालाच मत द्या."

अहो, त्या बाईंनी नेमकं तेच केलं जे न्यायाधीशाने करायला हवं! कॅलिफोर्नियाची न्यायिक आचारसंहिता पदावरच्या न्यायाधीशांना लागू आहे तशी उमेदवारांनाही आहे. कोर्टासमोर येऊ शकेल अशा प्रकरणाबद्दल आधीच शब्द देऊन बसणं तिच्यात बसत नाही. २००२ मध्ये मिनेसोटाच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशपदाच्या उमेदवारांना कायद्याच्या प्रश्नांवर आपली मतं मांडायला मोकळीक दिली, हे खरं. पण मत मांडणं वेगळं आणि निकालाचं आश्वासन देणं वेगळं. आज तुमच्या टाळ्यांसाठी जो गाडी फोडणाऱ्याचा निकाल लावतो, तो उद्या तुमच्या घटस्फोटाच्या किंवा घरमालकाच्या दाव्यात दुसऱ्या कोणाच्या टाळ्या ऐकेल. मी हे ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, "ताई, एवढं खोलात कोण जातं?" जो शिफारस करतो त्याने जायचं असतं. नसेल जायचं तर शिफारस करू नये, कोणी जबरदस्ती केलेली नाही.

मग विचारायचं काय? सुपिरिअर कोर्टात फौजदारी खटल्यांखेरीज मुलांचा ताबा, मृत्युपत्रं, भाडेकरूंना घराबाहेर काढण्याचे दावे, स्मॉल क्लेम्स, ट्रॅफिक असं बरंच चालतं. म्हणून मी विचारते : किती आणि कसले खटले तुम्ही स्वतः उभे राहून चालवलेत? समोर वकील नसलेला माणूस आला तर काय करता? दुभाषी लागला तर? या उत्तरांतून माणूस कळतो.

त्याआधी दोन ठिकाणी बघायची माझी सवय आहे. स्टेट बारच्या संकेतस्थळावर प्रत्येक वकिलाचं पान असतं. सनद कधी मिळाली आणि कधी शिस्तभंगाची कारवाई झाली का, हे तिथे पाच मिनिटांत समजतं. (या पदासाठी किमान दहा वर्षं वकिली किंवा न्यायाधीशपदाचा अनुभव लागतो.) उमेदवार आधीच न्यायाधीश असेल तर कमिशन ऑन ज्युडिशियल परफॉर्मन्सने त्याला जाहीर समज दिलीय का ते बघते. लॉस एंजेलिस काउंटीत राहणाऱ्यांचं नशीब चांगलं, तिथली बार असोसिएशन उमेदवारांची प्रतवारी करते, 'अपात्र'पासून 'अत्यंत पात्र'पर्यंत. सगळ्या काउंटींत ही सोय नाही. आमच्यासारख्यांनी दोन वकिलांना फोन करावा, एक सरकारी बाजूने उभा राहणारा आणि एक बचावाच्या बाजूचा. दोघंही एकाच उमेदवाराबद्दल "माणूस ऐकून घेतो" म्हणाले तर माझं निम्मं काम झालेलं असतं.

एकाच निकालावरून न्यायाधीशाला तोलणं हे याच चुकीचं भावंड. आमच्याच सँटा क्लारा काउंटीत जून २०१८ मध्ये न्यायाधीश अॅरन पर्स्की यांना मतदारांनी पदावरून परत बोलावलं. स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याला लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात त्यांनी २०१६ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा दिली होती, त्यावरचा तो संताप. कॅलिफोर्नियात न्यायाधीशाला असं परत बोलावण्याची १९३२ नंतरची ती पहिलीच वेळ. त्याआधी कमिशनने तक्रारी तपासल्या होत्या आणि पक्षपाताचा स्पष्ट पुरावा नसल्याचं सांगितलं होतं. यातून तुम्ही कोणत्या मतापर्यंत याल तो तुमचा प्रश्न. पण त्या वेळी फिरलेल्या शिफारशींपैकी कमिशनच्या निष्कर्षाचा साधा उल्लेखही बहुतेकींत नव्हता, ना बाजूच्या ना विरोधाच्या. मथळा वाचला आणि टिपण तयार.

"यांना कोण ओळखतं? सगळ्यांना नो"

अपील कोर्ट आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसमोर प्रतिस्पर्धी नसतो. त्यांना ठेवायचं की नाही, एवढंच विचारलं जातं. अनोळखी नावांची लांब रांग बघून काही जण रागाने सगळ्यांना 'नो' लिहून देतात आणि त्याला बंडखोरी म्हणतात. 'नो' जिंकलं तर जागा रिकामी होते आणि नवा माणूस गव्हर्नर नेमतो. म्हणजे ज्या सत्तेवर राग, तिच्याच हातात आणखी एक नेमणूक. १९८६ मध्ये सरन्यायाधीश रोझ बर्ड आणि त्यांच्यासोबत आणखी दोन न्यायाधीशांना लोकांनी घरी पाठवलं, पण त्यामागे फाशीच्या शिक्षेवरून झालेली उघड मोहीम होती. तुम्हाला एखाद्या न्यायाधीशाविरुद्ध ठोस काही सांगायचं असेल तर सांगा. नसेल तर "माहिती नाही" लिहा. मी लिहिते. लाज वाटायचं कारण नाही.

हो म्हणजे काय, हे न सांगणं

आता दुसरी नावडती चूक, जिच्यामुळे मी एका ग्रुपमधून बाहेर पडले.

२०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने रोख जामीन बंद करणारा कायदा केला. जामिनाचा धंदा करणाऱ्यांनी सह्या गोळा करून त्याविरुद्ध सार्वमत मागितलं, आणि ते नोव्हेंबर २०२० मध्ये प्रपोझिशन २५ म्हणून बॅलटवर आलं. सार्वमताचा नियम असा की 'येस' म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा राहू द्या आणि 'नो' म्हणजे तो रद्द करा. म्हणजे रोख जामीन जायला हवा असेल तर 'येस'.

ग्रुपमधल्या एका उत्साही तरुणाने सगळ्यांची लांबलचक टिपणं "वाचनीय" करायची ठरवली आणि एक रंगीत चित्र बनवलं. त्यात एक ओळ : "२५, कॅश बेल : नो". त्याला स्वतःला रोख जामीन नको होता, म्हणून 'नो'! चित्र सुबक होतं, त्यामुळे भराभर फिरलं. त्या वर्षी कोविडमुळे प्रत्येक मतदाराला टपालाने बॅलट गेलं होतं, आणि आपली ज्येष्ठ मंडळी आठवड्याच्या आत पाकीट बंद करून मोकळी होतात. चूक लक्षात येऊन सुधारणा पाठवेपर्यंत अनेकांची मतं पोचली होती, आणि एकदा पोचलेलं मत परत मागता येत नाही. शेवटी 'नो' जिंकलं, रोख जामीन राहिला. आमच्या चित्रामुळे नव्हे, हे उघड आहे. धंदेवाल्यांखेरीज काही सुधारणावादीही विरोधात होते, त्यांना नव्या कायद्यातली धोका मोजायची पद्धत पसंत नव्हती. पण एका काकांनी माझ्याशी तासभर जामिनावर चर्चा करून, मुद्दे वहीत लिहून घेऊन, शेवटी त्या चित्राप्रमाणे स्वतःच्या मताच्या बरोबर उलट मत दिलं. त्यांना ते अजून खुपतं.

ग्रुपमध्ये मला सांगण्यात आलं की लोकांना एवढं वाचायला आवडत नाही, चित्रच बरं.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे, पण मी ती सोडत नाही. प्रत्येक प्रपोझिशनखाली आधी दोन वाक्यं : "येस दिलंत तर असं होईल. नो दिलंत तर असं होईल." ही मी मनाने लिहीत नाही, राज्याच्या अधिकृत मतदार पुस्तिकेत ती छापलेलीच असतात. शिफारस तिसऱ्या वाक्यात. वर्ष नेहमी लिहायचं, कारण आकडे पुन्हा वापरले जातात. मार्च २०२० मध्ये शाळांसाठी १५ अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांचं प्रपोझिशन १३ आलं, आणि लोकांना १९७८ चं, घरपट्टीवर मर्यादा घालणारं प्रसिद्ध १३ आठवून घाम फुटला. ते पडलं, आणि या गोंधळाचाही त्याला फटका बसला असं तेव्हा बरंच बोललं गेलं. हल्ली काही जण चॅटबॉटला विचारून टिपण बनवतात. बनवा, पण मग आकडा आणि वर्ष पुस्तिकेशी ताडून बघा. तेवढाही धीर नसेल तर पाककृती लिहा.

जाहिरातीवरून शिफारस

२०२२ च्या प्रपोझिशन २७ च्या जाहिराती आठवतात? बेघरांची काळजी, मानसिक आरोग्य, डोळ्यांत पाणी आणणारे चेहरे. मजकूर होता ऑनलाइन क्रीडा सट्ट्याला परवानगी देण्याचा. मतदारांनी ते सपाटून पाडलं, पण तोवर आपल्यातल्या दोघातिघांनी "बेघरांसाठी चांगलं आहे" म्हणून येस सुचवून झालं होतं. पैसा कोण ओततंय ते आधी बघा. मोठ्या देणगीदारांची यादी राज्य स्वतः जाहीर करतं.

आणि घरी टपालाने येणारी ती चकचकीत पत्रकं, "आपल्या मतदारांसाठी मार्गदर्शक" वगैरे : नावापुढे बारीक चांदणी (*) आहे का बघा. त्या उमेदवाराने पत्रकात येण्यासाठी पैसे भरलेत, एवढाच तिचा अर्थ. त्या पत्रकाचा फोटो काढून "अमुक संघटनेचा पाठिंबा" म्हणून पाठवू नका.

शाळेचा बॉन्ड (कर्जरोखे) : "वर्षाला फक्त ३० डॉलर"

फक्त ३० डॉलर, पण कशावर? दर एक लाख डॉलर करपात्र मूल्यावर. परवा १५ लाखांना घर घेतलेल्या जोडप्याला वर्षाला ४५० पडतील. त्यांच्या शेजारच्या तशाच घरात तीस वर्षं राहणाऱ्यांचं करपात्र मूल्य ४ लाख असेल तर त्यांना १२०. (१९७८ च्या त्या १३ चीच कृपा, घर विकलं जात नाही तोवर हे मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही.) पार्सल टॅक्सचं गणित वेगळं, तो बहुधा प्रत्येक मालमत्तेला सारखाच, आणि शाळांच्या पार्सल टॅक्समध्ये ६५ वर्षांवरच्यांना अनेकदा सूट मागता येते. अर्ज मात्र स्वतः करावा लागतो. मी दोन घरांचं गणित टिपणात मांडते आणि मगच माझं मत देते. शाळेच्या बॉन्डला बहुधा ५५ टक्के लागतात आणि पार्सल टॅक्सला साधारण दोनतृतीयांश, तेव्हा "बहुमत मिळूनही पडलं, घोटाळा झाला" असले मेसेज निकालानंतर कृपया नकोत.

बाकीच्या, थोडक्यात

आडनाव आपल्यातलं आहे म्हणून शिफारस : नको. नावाखाली 'डेप्युटी डिस्ट्रिक्ट अॅटर्नी' (सरकारी वकील) लिहिलंय म्हणून शिफारस : तेवढंच कारण असेल तर नको. नाव यादीत पहिलं आहे म्हणून : क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो.

"माझ्या बॅलटवर न्यायाधीश का नाहीत?" पदावरच्या सुपिरिअर कोर्टाच्या न्यायाधीशासमोर कोणी उभंच राहिलं नाही तर नाव छापलं जात नाही. आणि दोनच उमेदवार असतील तर निकाल प्रायमरीतच, म्हणजे आधीच्या प्राथमिक फेरीतच लागतो, मार्चमध्ये किंवा जूनमध्ये. नोव्हेंबरमध्ये जागे होऊन न्यायाधीशांवर लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मराठी मंडळाच्या पत्रकातून न्यायाधीशाची शिफारस : अजिबात नको. आपली बहुतेक मंडळं करमुक्त धर्मादाय संस्था आहेत आणि अशा संस्थांना कोणत्याही उमेदवाराची बाजू घेता येत नाही. "न्यायाधीश तर पक्षाचे नसतात" हा बचाव मी एका कार्यकारिणीच्या तोंडून ऐकलाय. तो चालत नाही, बिनपक्षाचा असला तरी तो उमेदवारच. प्रपोझिशनवर मंडळ मर्यादेत राहून भूमिका घेऊ शकतं, पण ते लॉबिंगमध्ये (कायद्यासाठी दबाव आणण्यात) मोजलं जातं. आधी खजिनदाराला विचारा.

ग्रुपमध्ये एच-वन-बीवाले आणि ग्रीन कार्डवाले असतात. "सगळ्यांनी मत द्या" असं मोघम लिहू नका, "नागरिक असलेल्यांनी" हे शब्द घाला. चुकून दिलेल्या मताने एखाद्याचं इथलं राहणंच धोक्यात येऊ शकतं.

यादी बूथमध्ये नेता येते, कागदावर न्या. पण तिथे ती इतरांना वाटत बसू नका, मतदान केंद्रापासून १०० फुटांच्या आत प्रचाराला बंदी आहे. आणि टिपण काढणारच असाल तर बॅलट घरोघरी पोचायच्या आत काढा. ती निवडणुकीच्या २९ दिवस आधीपर्यंत टपालात पडलेली असतात, आमच्या काकांचं पाकीट त्यानंतर दोन-तीन दिवसांत परत गेलेलं असतं.