अंगणातल्या बाकावरचा डिंक, चीक आणि चिकटा

नागपूरला एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जाऊ लागला की अंगणातल्या खुर्च्या आणि बाक झाडाखालीच ठेवावे लागतात, आणि मग त्यांवर चिकट थेंब पडणे ओघानेच येते. फडके हाती घेण्यापूर्वी तो थेंब कशाचा आहे हे ओळखणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण एक डाग घालवणारे द्रव्य दुसरीकडे लाकडाचे पॉलिशच घालवते.

मोहरलेल्या आंब्याखाली जो चिकटा साचतो, तो बहुतेक वेळा झाडाचा चीक नसतोच. मोहरातला रस शोषणारे तुडतुडे गोड, चिकट द्रव बाहेर टाकतात आणि पुढे त्यावर काळी बुरशी धरते. हा द्रव साखरेचा असल्याने कोमट साबणपाण्याने सहज निघतो. मात्र तो काळा पडण्याची वाट न पाहता मोहराच्या दिवसांत एक-दोन दिवसांआड बाक पुसून घ्यावा.

कडुनिंबाचा आणि बाभळीचा डिंकही पाण्यात विरघळतो. त्यावर ओले फडके अर्धा तास ठेवावे, डिंक मऊ झाला की पुसावा. सुरीने खरवडल्यास त्याच्याबरोबर लाकडाचा थरही निघतो. वड, पिंपळ किंवा उंबराची फांदी मोडल्यावर गळणारा पांढरा चीक मात्र वाळून रबरासारखा होतो आणि पाण्याला दाद देत नाही. त्याला खोबरेल तेल चोळून थोडा वेळ मुरू द्यावे, सुटलेला चीक बोटाने गुंडाळत काढावा आणि मागे राहिलेला तेलकटपणा साबणपाण्याने धुवावा.

सागवानी बाकाला फ्रेंच पॉलिश असेल, तर स्पिरिटला हात लावू नये, कारण ते पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच असते. प्लास्टिकच्या खुर्चीवर थिनर वापरू नये.

उन्हाळ्यात अंगणावर बांधतात ती हिरवी जाळी ऊन अडवते, थेंब अडवत नाही. त्यामुळे बाकावर जुनी सुती चादर टाकून ती आठवड्याला धुणे हाच मला खात्रीचा उपाय वाटतो. ताडपत्री घट्ट गुंडाळल्यास पावसाळ्यात आत ओल कोंडून लाकडाला बुरशी येते. लोखंडी खुर्चीवर मेणाच्या पॉलिशचा पातळ हात दिल्यास डिंक घट्ट धरत नाही.

बाक संत्र्याच्या झाडाला टेकलेला असेल आणि बुंध्यातून डिंक ओघळत असेल, तर बाकापेक्षा झाडाची काळजी आधी करावी. तो बहुधा डिंक्या रोग असतो. रोगट साल खरवडून तेथे बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावे. चिकट्याला कंटाळून झाडच तोडण्याचा विचार कोणी करू नये. शहरात त्यासाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार परवानगी लागते, आणि बाक हलवणे त्याहून कितीतरी सोपे आहे.