दानीएलाच्या उपवासासाठी शिधा निवडताना

बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकात, दानीएल या संदेष्ट्याने पहिल्या अध्यायात 10 दिवस केवळ शाकाहार व पाणी घेतल्याचा आणि दहाव्या अध्यायात तीन आठवडे मिष्टान्न, मांस व द्राक्षारस वर्ज्य केल्याचा उल्लेख आहे. आज ख्रिस्ती लोकांत बहुतेक ठिकाणी पाळला जाणारा 21 दिवसांचा ‘दानीएलाचा उपवास’ या दोन्हींवर बेतलेला असतो.

मराठी घरात येथे एक गोंधळ हमखास होतो. आपल्याकडील उपवासाला चालणारे दूध, दही, तूप आणि साखर या उपवासात चालत नाहीत, तर एरवी वर्ज्य असणारी धान्ये व कडधान्ये येथे मुख्य आधार ठरतात. त्यामुळे साबुदाण्याच्या खिचडीऐवजी ज्वारी-बाजरीची भाकरी, मुगाची किंवा तुरीची आमटी, मटकीची उसळ, पालेभाजी आणि तीळ, जवस वा शेंगदाण्याची साखर-गूळ न घातलेली चटणी असा शिधा भरावा. या उपवासात यीस्टने फुगवलेला पाव चालत नाही; भाकरीत यीस्ट नसल्यामुळे तो प्रश्नही आपोआप सुटतो. फोडणीपुरते तेल बहुतेक जण मान्य करतात, तळण मात्र टाळतात. चहा-कॉफीही सहसा बंद असते, आणि खरी कसोटी बहुधा तीच!

बाजारातील तयार पाकिटांवरील घटकांची यादी वाचावी, कारण दूध पावडर आणि साखर अनपेक्षित पदार्थांतही सापडते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी, तसेच गरोदर व स्तनदा मातांनी, आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.