स्पेनचे 17 स्वायत्त प्रदेश कसे लक्षात ठेवावेत

नुसती यादी घोकलीत तर आठवड्याभरात विसराल, कारण नावाला जागा चिकटलेली नसते. म्हणून आधी नकाशा. प्रदेशांच्या सीमा दाखवणारा पण नावं नसलेला कोरा नकाशा घ्या आणि चार प्रती काढा. त्यात प्रदेशांच्या आतल्या 50 प्रांतांच्या रेषा नकोत, डोळे फिरतात.

1. उत्तरेचा किनारा पश्चिमेकडून पूर्वेकडे भरा: गॅलिसिया, अस्तुरियास, कांताब्रिया, बास्क. ‘गॅ-अ-कां-बा’ असं मोठ्यानं म्हणत लिहा.

2. तिथून कॅटलोनियाच्या किनाऱ्यापर्यंत: नवारा, ला रिओहा, आरागॉन, कॅटलोनिया. यात इवलासा ला रिओहा हमखास निसटतो. नवाराच्या खाली तो दडलेला आहे, त्याची सीमा फ्रान्सला लागत नाही.

3. किनाऱ्यानं खाली व्हॅलेन्सिया, मुर्सिया, आंदालुसिया. मग पोर्तुगालच्या सीमेनं वर वळलात की एस्त्रेमादुरा.

4. मध्ये उरतात तीन. माद्रिद, त्याच्या वर कास्तिया इ लेओन, खाली कास्तिया-ला मांचा. दोन कास्तियांची अदलाबदल ही सगळ्यात जास्त होणारी चूक. लेओन शहर उत्तरेला आहे, एवढं पक्कं केलंत की पुरे.

5. शेवटी बेटं. बालेआरिक भूमध्य समुद्रात, कॅनरी अटलांटिकमध्ये. कॅनरी बेटं बहुतेक नकाशांत कोपऱ्यातल्या चौकटीत कोंबतात, त्यामुळे ती स्पेनला लागूनच आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात ती आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर आहेत.

काही याद्यांत 19 नावं दिसतील. जास्तीची दोन म्हणजे आफ्रिकेतली सेउता आणि मेलिया. ती स्वायत्त शहरं आहेत, प्रदेश नव्हेत. जिब्राल्टर तर ब्रिटनचं, ते रंगवू नका.

ओळखीचं काही जोडलं की नाव टिकतं: बैलांपुढे धावतात ते पाम्प्लोना नवारात, टोमॅटोंची मारामारी होते ते बुन्योल व्हॅलेन्सियात. राजधान्या मात्र नंतर घ्या, त्या फसव्या आहेत. बास्क सरकार बिल्बाओत नाही, व्हितोरियात बसतं. गॅलिसियाचं सान्तियागोत.

उरलेल्या प्रती त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानंतर न बघता भरा. चुकलेली नावंच पुन्हा लिहा, सगळी यादी नको. सतराही जमली की कुठल्या प्रदेशाचे शेजारी कोण, ते स्वतःला विचारा. कास्तिया इ लेओनला नऊ शेजारी प्रदेश आहेत. सहा-सातांवर अडलात, तर बहुधा ला रिओहा आणि कांताब्रिया राहिले असतील.