अंगण धुण्याचा पाइप: भोकं कमी केली आणि धार आली

आमचं अंगण जांभ्याच्या चिऱ्यांचं. श्रावण सरेपर्यंत त्यावर शेवाळ धरतं आणि आईचा पाय घसरेल ही धास्ती कायम. म्हणून अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा पाण्याचा झाडू केला: दोन फुटी आडवा तुकडा, त्याला 3 मिमीची 20 भोकं. नळ सोडला तर पाणी नुसतं ओघळलं. टाकीतलं पाणी अंगणापासून 5 मीटर उंच, म्हणजे वेग सेकंदाला जेमतेम 10 मीटरपर्यंत मिळू शकतो. मग तो जात कुठे होता?

हिशोब मांडला. 20 भोकांचं मिळून क्षेत्रफळ 141 चौरस मिमी, पाइपचं सुमारे 177. जवळपास उघडंच तोंड! त्यामुळे 20 मीटर नळीतून पाणी जोरात धावत होतं आणि सगळा दाब घर्षणातच संपत होता. प्रवाह दुप्पट झाला की ही घट जवळजवळ चौपट होते.

नवा तुकडा घेतला, 2 मिमीची फक्त 8 भोकं पाडली. एकूण 25 चौरस मिमी. भोकांच्या कडेला लोंबणारे प्लॅस्टिकचे धागे पॉलिश पेपरने घासून काढले. ते राहिले तर धार फाटते. टोकाचं बूच चिकटवलं नाही, आट्यांचं बसवलं, कारण टाकीतला गाळ तिथेच साचतो.

आता धार सरळ, चिऱ्यांच्या सांध्यात शिरते. पूर्वी 15 लिटरची बादली मिनिटभरात भरायची, आता दोन मिनिटं लागतात. घट्ट बसलेलं शेवाळ मात्र आधी खराट्याने घासावंच लागतं.