कोलाडला पहिल्यांदा राफ्टिंगला जाताय? आधी पाणी कधी सुटतं ते विचारा

आमच्या पहिल्या ट्रिपचा पोपट आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. आठ जण, दोन गाड्या, पुण्यातून पाचला निघायचं ठरलेलं आणि निघालो सव्वासातला, त्यात ताम्हिणीत धुकं दिसलं की थांब, फोटो काढ, मग कुणाला तरी मिसळच पाहिजे, असं करत करत राफ्टिंग सुरू होतं त्या साजे गावापाशी पोचलो तेव्हा अकरा वाजत आलेले. राफ्ट (म्हणजे हवा भरलेल्या रबरी होड्या) कधीच पुढे गेलेल्या. दुपारच्या बॅचला टाका म्हटलं तर तिथला पोरगा हसायलाच लागला, "दुपारी पाणी कुठंय साहेब?"

तर मुद्दा हा. कोलाडजवळच्या कुंडलिका नदीतलं हे राफ्टिंग म्हणजे सोसायटीच्या नळासारखं आहे, वेळेत बादली लावली तर ठीक नाहीतर बसा. मुळशी धरणाचं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरतं (हे तेच धरण ज्याच्या विरोधात सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह केला होता), तिथे वीज तयार होते आणि मग ते पाणी रवाळजे गावाच्या बाजूने कुंडलिकेत सोडतात. साधारणपणे हे सकाळी होतं आणि राफ्टिंगवाले त्या लोंढ्यावरच राफ्ट सोडतात. पाणी बंद झालं की थोड्या वेळात नदीत दगडच दगड. आणि पाणी विजेच्या हिशोबाने सुटतं, आपल्या वीकेंडच्या हिशोबाने नाही, त्यामुळे एखाद्या दिवशी सुटत पण नाही. म्हणून बुकिंग करताना पहिला प्रश्न किती पैसे हा नाही, रिपोर्टिंग किती वाजता आणि पाणी सुटलं नाही तर पैसे परत की तारीख बदलून, हा विचारायचा. आदल्या संध्याकाळी परत एक फोन टाकायचा.

याचा फायदा पण आहे म्हणा. ऋषिकेशला पावसाळ्यात गंगेचं राफ्टिंग बंद ठेवतात, इथे पावसाळ्यात पण चालतं, आणि धरणाचं पाणी असल्यामुळे मे महिन्यात पण राफ्ट चालते. पावसाळ्यात गर्दी जास्त असते आणि नदी जोरात असते, फारच पाऊस झाला तर बंद ठेवतात आणि तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. पहिलीच वेळ असेल तर मी ऑक्टोबर-नोव्हेंबर सांगेन, सगळं हिरवं असतं, ऊन सोसतं, रस्त्यावर धबधबेवाल्यांची गर्दी नसते.

राहायचं आदल्या रात्रीच, हे माझं ठाम मत. पुण्याहून ताम्हिणी उतरून विळ्यावरून येता येतं, मुंबईहून गोवा हायवेने थेट कोलाड, ट्रेनने यायचं तर रोहा किंवा कोलाड स्टेशन. अंतर दोन्हीकडून फार नाही पण पहाटे ग्रुप गोळा करणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये. फक्त रात्री पार्टी नको, दारू प्यायलेल्या माणसाला चांगले लोक राफ्टमध्ये घेतच नाहीत, आणि जे घेतात त्यांच्याकडे आपण जायचं नाही.

पोहता येत नाही म्हणून घाबरू नका, आमच्यातल्या पाच जणांना येत नव्हतं. इथले रॅपिड (म्हणजे दगडांतून पाणी उसळत जातं ते टप्पे) दोन-तीन ग्रेडचे आहेत, अवघडपणाचा स्केल सहापर्यंत असतो, म्हणजे नवख्यांना पुरे. पण हार्टचा त्रास, फिट येणं, नुकतं झालेलं ऑपरेशन, प्रेग्नन्सी असेल तर नाही म्हणजे नाही. निखळलेला खांदा, दमा वगैरे असेल तर आधी डॉक्टरला विचारा आणि गाइडला पण सांगून ठेवा, फॉर्मवर डोळे झाकून सही करू नका. लहान मुलांसाठी वयाची अट असते, ती आधी विचारा.

कपडे: जीन्स नको, एकदा भिजली की दगड बांधल्यासारखी होते. ट्रॅकपँट नाहीतर शॉर्ट्स, लवकर वाळणारा टीशर्ट, पायात पट्ट्यांची सँडल किंवा जुने बूट. स्लिपर पहिल्याच रॅपिडला वाहून जाते. चष्म्याला दोरी. अंगठी, चेन, मंगळसूत्र खोलीवर, मोबाईल पण तिथेच.

आता लाइफ जॅकेट. ते घातल्यावर सगळे पट्टे ओढून घट्ट करायचे, मग दुसऱ्याला खांद्याजवळ धरून वर खेचायला सांगायचं. जॅकेट कानापर्यंत आलं म्हणजे सैल आहे. फोटोत पोट दिसतं म्हणून पट्टे ढिले ठेवणारे महाभाग मी बघितलेत. हेल्मेटचा बेल्ट पण लावायचा, नुसतं डोक्यावर ठेवायचं नाही.

निघायच्या आधी गाइड दहा-पंधरा मिनिटं समजावतो तेव्हा रील बनवू नका. फॉरवर्ड म्हटलं की वल्हं मारायचं, स्टॉप म्हटलं की थांबायचं, गेट डाउन म्हटलं की वल्हं सांभाळून राफ्टमध्ये खाली बसायचं. वल्ह्याच्या टोकाची मूठ हातातून सोडायची नाही, शेजाऱ्याचे दात तीच पाडते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्यात पडलात तर उभं राहायचं नाही. गुडघाभर वाटलं तरी नाही, पाय दगडांत अडकतो आणि वरून पाणी ढकलत राहतं. उताणं पडायचं, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेने, बोटं पाण्याच्या वर, आणि दोरी टाकली की दोरीच पकडायची, हाताला गुंडाळायची नाही.

खरी मजा पहिल्या अर्ध्या भागात आहे, नंतर नदी शांत होते, तिथे गाइड उडी मारू देतो, पण तो म्हणेल तेव्हाच. सगळं मिळून साधारण बारा किलोमीटर, दीड-दोन तास.

एक राहिलंच, राफ्ट जिथून सुटते तिथे परत येत नाही, पार खाली कामत गावाकडे संपते. तिथून जीप आणते का, की आपली गाडी आधी खाली लावायची, हे आधी विचारून घ्या आणि टॉवेल-कोरडे कपडे त्याप्रमाणे ठेवा. दुसऱ्या खेपेला वेळेत पोचलो, सगळं झकास झालं, फक्त गाडीची किल्ली वर खोलीवर आणि गाडी खाली, मग काय, अर्धा तास ओल्या कपड्यांत कुडकुडत वडापाव खाल्ले.