अमेरिकेत कमी खर्चात संगणकशास्त्राची पदवी: आधी विद्यापीठ ठरवा, मग क्रेडिट जमवा

जोडीदाराच्या नोकरीमुळे एच-4 व्हिसावर अमेरिकेत आलेल्या मराठी मंडळींपैकी अनेकांजवळ भारतातली बी.कॉम. किंवा बी.ए.ची पदवी असते, काहींचे अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट राहिलेले असते, आणि येथे नव्याने संगणकशास्त्र शिकावे असे मनात आले तरी शुल्काचा आकडा पाहून विचार तिथेच थांबतो. एच-4 व्हिसावर शिक्षण घेण्यास मुभा आहे. शिवाय पदवीचे 120 क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर जमा होणारी शैक्षणिक एकके) एकाच विद्यापीठात पूर्ण शुल्क भरून मिळवावेत असा नियम नाही. बहुतेक ठिकाणी सुमारे 30 क्रेडिट त्या विद्यापीठाचे स्वतःचे असावे लागतात. उरलेल्यांपैकी बराच भाग बाहेरून, अतिशय कमी पैशांत आणता येतो.

हे कसे चालते ते आधी नीट समजून घ्यावे. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन, म्हणजे एस (ACE), ही 1918 साली स्थापन झालेली संस्था विद्यापीठाबाहेरच्या अभ्यासक्रमांची आणि परीक्षांची तपासणी करून ‘याला इतके क्रेडिट द्यावेत’ अशी शिफारस करते. ही केवळ शिफारस असते. ती मानायची की नाही, आणि मानली तर कोणत्या विषयाच्या बदल्यात, हे सर्वस्वी विद्यापीठ ठरवते. म्हणूनच स्वस्त दिसेल तो अभ्यासक्रम आधी उरकून मग विद्यापीठ शोधायला निघणे ही या वाटेवरची सर्वांत महाग चूक आहे. मी ती केली आहे. दोन विषय पूर्ण केल्यावर मला कळले की माझ्या विद्यापीठाने ते ‘ऐच्छिक’ या खात्यात टाकले असून पदवीच्या आवश्यक विषयांपैकी एकही कमी झालेला नाही.

तेव्हा प्रथम विद्यापीठ निवडा आणि त्याला प्रादेशिक अधिस्वीकृती, म्हणजे शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता, आहे याची खात्री करा. या मार्गाने जाणाऱ्यांत वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीचे नाव सर्वाधिक घेतले जाते. 19 गव्हर्नरांनी मिळून 1997 साली स्थापन केलेल्या या ऑनलाइन विद्यापीठात शुल्क विषयागणिक नसते, तर सहा महिन्यांच्या सत्रागणिक असते. संगणकशास्त्रासाठी ते साधारण चार हजार डॉलरच्या घरात जाते आणि त्या सत्रात जितके विषय पूर्ण कराल तितके त्याच पैशांत होतात. बाहेरचे क्रेडिट मात्र तेथे साधारणपणे पहिले सत्र सुरू होण्यापूर्वीच जमा करावे लागतात, त्यामुळे प्रवेशाची घाई करू नये. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना ट्रेन्टनची थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटीही जवळची आहे. प्रौढ विद्यार्थ्यांसाठीच 1972 साली सुरू झालेले हे विद्यापीठ बाहेरच्या क्रेडिटबाबत उदार मानले जाते.

यानंतर एक तक्ता करावा. डाव्या रकान्यात पदवीचा प्रत्येक आवश्यक विषय, मधल्या रकान्यात त्याला चालणारा बाहेरचा पर्याय आणि उजवीकडे तो चालेल असे विद्यापीठाने लेखी कळवल्याची तारीख. फोनवरच्या होकारावर विसंबू नका, ईमेल मागवा.

ज्यांच्याकडे भारतातले शिक्षण आहे त्यांनी बाहेरचे नवे विषय घेण्याआधी त्याचे मूल्यमापन करून घ्यावे, कारण हे क्रेडिट तुम्ही पूर्वीच कमावलेले आहेत. परदेशी शिक्षणाचे मूल्यमापन करणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) संस्थेकडून विषयवार मूल्यमापन घ्या, केवळ पदवीची समकक्षता सांगणारा अहवाल येथे पुरत नाही. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांची अधिकृत नोंद, तुमच्या भारतातल्या विद्यापीठाकडून थेट जावे लागते आणि त्याला महिनेही लागू शकतात. आपल्याकडच्या स्त्रियांना येथे एक अडचण हमखास येते: गुणपत्रिकेवर माहेरचे नाव असते आणि पासपोर्टवर सासरचे. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत अर्जासोबतच जोडली तर पुढचा बराच पत्रव्यवहार वाचतो.

उरलेल्या सामान्य विषयांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम देणाऱ्या सोफिया लर्निंगची मासिक वर्गणी 99 डॉलर आहे. एका वेळी दोनच विषय उघडे ठेवता येतात, पण एक संपला की दुसरा घेता येतो. महिन्यात तीन क्रेडिटचे चार विषय संपवले तर 12 क्रेडिट होतात, म्हणजे क्रेडिटमागे सव्वाआठ डॉलर. सोफियावर न मिळणाऱ्या विषयांसाठी स्टडी डॉट कॉम पाहावे, तेथे अंतिम परीक्षा देखरेखीखाली होते. कॉलेज बोर्डाच्या क्लेप परीक्षा, म्हणजे वर्गात न बसता केवळ परीक्षा देऊन क्रेडिट मिळवणे, हा तिसरा मार्ग. गुण 20 ते 80 या श्रेणीत मिळतात, एसची शिफारस 50 गुणांना आहे आणि कॅल्क्युलसच्या एका परीक्षेला चार क्रेडिटची शिफारस आहे. मॉडर्न स्टेट्स या ना-नफा संस्थेचा मोफत अभ्यासक्रम पूर्ण केल्यास परीक्षा शुल्काचे व्हाउचरही मिळते. घरून क्लेप देताना कच्चे काम कागदावर करता येत नाही. छोटा पांढरा फळा किंवा पारदर्शक प्लास्टिकचे आवरण आणि पुसता येणारा मार्कर वापरावा लागतो, आणि शेवटी तो पुसल्याचे कॅमेऱ्याला दाखवावे लागते. वहीत समासाशेजारी आकडेमोड करण्याची सवय असलेल्यांनी आठवडाभर फळ्यावरच सराव करावा.

सर्वच विषय मात्र असे उरकू नयेत असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. इंग्रजी लेखन, इतिहास, संख्याशास्त्राची ओळख हे बाहेरून खुशाल करा, पण डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम आणि ऑपरेटिंग सिस्टीम हे विषय विद्यापीठातच सावकाश करावेत, कारण मुलाखतीत नेमके तेच विचारले जातात. शिवाय बाहेरच्या क्रेडिटना बहुधा ग्रेड नसते, आणि वेस्टर्न गव्हर्नर्समध्येही विषय केवळ उत्तीर्ण म्हणून नोंदवला जातो. पुढे मास्टर्स करायचे असेल तर त्या विद्यापीठाच्या सरासरी गुणांच्या अटी आजच वाचून ठेवाव्यात.

पैशांबाबत दोन गोष्टी. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनी फॅफ्सा हा केंद्र सरकारच्या विद्यार्थी साहाय्याचा अर्ज भरून पेल या सरकारी अनुदानाची पात्रता तपासावी. एच-4 धारकांना हे साहाय्य मिळत नाही. नोकरीत असलेल्यांनी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे शैक्षणिक साहाय्याची चौकशी करावी, कारण वर्षाला 5,250 डॉलरपर्यंतची अशी मदत करमुक्त असते. भारतातून एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर येऊ पाहणाऱ्यांच्या मात्र ही वाट उपयोगाची नाही, कारण संपूर्ण ऑनलाइन पदवीसाठी तो व्हिसा मिळत नाही. भारतात परतून सरकारी नोकरी करायची असेल, तर परदेशी ऑनलाइन पदवीला समकक्षता मिळेल का, हे पहिले शुल्क भरण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.