थायरॉईडची गोळी कंपनीने परत मागवली? या चुका टाळा

२०२३ साली अ‍ॅबॉट कंपनीने ‘थायरोनॉर्म’ या थायरॉईडच्या गोळीची एक बॅच परत मागवली, कारण बाटलीच्या लेबलवर चुकीची मात्रा छापली गेली होती. ती बॅच मध्य प्रदेश आणि तेलंगणात विकली गेली होती. अशी बातमी कानावर आली की अनेक जण पहिली चूक करतात ती गोळी तडकाफडकी कायमची बंद करण्याची. अमेरिकेत २०१८ मध्ये वेस्टमिन्स्टर कंपनीच्या थायरॉईडच्या गोळ्या परत मागवल्या गेल्या, तेव्हा दोष कच्चा माल बनवणाऱ्या चिनी कारखान्यातला होता आणि पर्यायी औषध मिळेपर्यंत चालू गोळी घेत राहा, असे तिथल्या औषध प्रशासनाने रुग्णांना सांगितले होते. लेबलवरची मात्राच चुकलेली असेल तर मात्र ती बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने लगेच दुसऱ्या बॅचची गोळी सुरू करावी. या गोळीतील लिव्होथायरॉक्सिन या औषधाची रक्तातील पातळी निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे एखाद्या दिवसाच्या खंडाने घाबरण्याचे कारण नाही. आठवडेच्या आठवडे गोळी सोडणे मात्र महागात पडते. गर्भवतीने आणि हृदयविकार असलेल्याने एका दिवसाचीही वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा.

दुसरी चूक म्हणजे केवळ नाव पाहून घाबरणे किंवा निर्धास्त राहणे. परत मागवली जाते ती ठरावीक बॅच, म्हणून लेबलवर बारीक अक्षरात छापलेला बॅच नंबर, मुदतीची तारीख आणि मायक्रोग्रॅममधील मात्रा सूचनेशी ताडून पाहावी. गोळ्या स्टीलच्या डबीत ओतून बाटली रद्दीत देण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, आणि मग ताडायला हाती काहीच उरत नाही.

मात्रा चुकली असेल असे गृहीत धरून स्वतःच अर्धी किंवा दीड गोळी घेणे हा तर निव्वळ अंदाजपंचे कारभार झाला. धडधड, हाताला कंप किंवा झोप उडणे ही लक्षणे जादा मात्रेची असू शकतात, तर थकवा, बद्धकोष्ठता आणि थंडी सहन न होणे ही कमी मात्रेची. पण निदान डॉक्टरांनीच करावे. गोळी बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी टीएसएच (मात्रा बरोबर आहे का हे ज्यावरून कळते तो रक्तातील घटक) तपासण्यातही अर्थ नाही, कारण तो स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात.

उरलेल्या गोळ्या फेकू नका. मूळ बाटलीत, बिलासह मेडिकलवाल्याकडे परत द्या आणि त्याआधी लेबलचा फोटो काढून ठेवा.